भिंतीवरची किल्ली

पाचशे अण्णा जेवायला उठायच्या आधी दुकानाच्या पायरीवर यायचे, हात कपाळावर धरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचे आणि मगच घरी जायचे. ऊन असो, पाऊस असो, बाजार बंद असो. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा रिक्षा शोधतोय. एकदा एक रिक्षावाला खरंच येऊन उभा राहिला, तर अण्णांनी त्याला विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का म्हणून. तो बिचारा गोंधळून गेला आणि होय म्हणून निघून गेला. अण्णा मला म्हणाले, "झालंय म्हणाला. मग आपण जेवायला हरकत नाही."

परगावचा कुणी व्यापारी बाजारात आला असेल आणि उपाशी असेल, तर त्याच्या आधी आपण ताटावर बसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो त्यांच्या आजोबांचा होता, वडलांचा होता, आणि अण्णांच्या हाती आला तेव्हा तो पाळणारं बाजारात दुसरं कुणी उरलं नव्हतं. हुबळीत कोप्पीकर रोडला लागून असलेल्या आमच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान आणि शेजारी माझं भांड्यांचं. अण्णांना मी लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे त्यांचं हे बघणं मला फार दिवस विचित्र वाटलंच नाही. सगळेच जेवायच्या आधी रस्ता बघत असतील, असं मी धरून चाललो होतो.

पाचशे हे नाव बाजाराने दिलेलं. अण्णा धारवाडला कॉलेजात इतिहास शिकले. पुढे प्राध्यापक व्हायचं मनात होतं, पण वडील अचानक गेले आणि हे गादीवर येऊन बसले. इतिहास मात्र डोक्यातून गेला नाही. ऐहोळेच्या पाचशे स्वामींबद्दल बोलायला लागले की समोरचं गिऱ्हाईक खणाचा रंग विसरायचं. शेकडो वर्षांपूर्वीचा तो व्यापाऱ्यांचा संघ. सुपारी, कापूर, घोडे, कापड घेऊन जमिनीवरून आणि समुद्रावरून कुठल्या कुठे जायचे. "पाचशे म्हणजे मोजून पाचशे नव्हेत," अण्णा सांगायचे. "पाचशे म्हणजे एकट्याला एकटं पडू द्यायचं नाही." हे इतक्या वेळा सांगून झालं की हमाल, चहावाला, बँकेतली माणसं, सगळे त्यांना पाचशे अण्णा म्हणायला लागले. कानडीत ऐनूरु अण्णा. नवखे लोक समजायचे की हा माणूस प्रत्येक गोष्टीचे पाचशेच सांगत असणार.

पाचशे स्वामींचं संपलं की अण्णा जर्मनीला जायचे. तिकडे उत्तरेकडच्या समुद्रावर व्यापारी शहरांनी एकमेकांशी दोस्ती केली होती, तिला हान्सा म्हणत. लंडनला, नॉर्वेत, पार रशियात त्यांच्या राहायच्या जागा असत. आपल्या संघातला माणूस गेला की त्याला तिथे ऊब आणि जेवण. मी विचारायचो, "अण्णा, ही एवढी मोठी दोस्ती मोडली कुणी?" माझा प्रश्न ठरलेला आणि त्यांचं उत्तरही. "कुणी नाही. एका सभेला थोडेच लोक आले. पुढची सभा कुणी बोलावलीच नाही." मी हसायचो. अण्णा हसायचे नाहीत.

कारण त्यांचा स्वतःचा एक हान्सा होता. हुबळी, गदग, संकेश्वर, निपाणी आणि इलकल, या पाच गावांतल्या पाच दुकानदार घराण्यांनी अण्णांच्या आजोबांच्या काळात आपापल्या दुकानावर एकेक खोली राखली. बाकीच्या चार गावांतला व्यापारी आला की त्या खोलीवर त्याचा हक्क. विचारायचं नाही, कळवायचं नाही. किल्ली दुकानाच्या दाराशी, आत डावीकडे खिळ्याला. येणाऱ्याने ती काढून घ्यायची आणि वर जाऊन पाय धुवायचे. जेवण झाल्याशिवाय धंद्याचं कुणी बोलायचं नाही. अण्णांच्या दुकानावरची ती खोली मी पाहिलेली आहे. लोखंडी खाट, गादी, मातीचा माठ, कोट अडकवायची खुंटी, पाहुण्यासाठी एक चपलांचा जोड. माझ्या लहानपणी त्या जिन्यावर पाहुण्यांची ये-जा असायची. पुढे पुढे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्याइतक्या गाड्या झाल्या, माल फोनवर मागवायचे दिवस आले, आणि जिना रिकामा राहायला लागला. अण्णा तरी दर अमावास्येला चादर बदलायचे. मळलेली नसली तरी. मालूअक्का, त्यांची बायको, म्हणायची, "झोपत कोण न्हाई, तर मळंल कशी? मीच धुवून धुवून झिजवली की वो."

मालूअक्का गेली आणि चादर बदलायचं काम अण्णा स्वतः करायला लागले.

मुलगा गिरीश. त्याला मी वाईट म्हणणार नाही. मुलगे बेंगळुरूला पळतात, हा दुकानात राहिला. साड्या फोनवरून विकायच्या, पार्सलं बांधून पाठवायची, असं त्याने सुरू केलं आणि त्यावरच खरं तर दुकान तगलं. पण पार्सलं ठेवायला जागा नव्हती. काउंटरखाली खोकी, जिन्यात खोकी, अण्णांच्या गादीमागे खोकी. एक दिवस तो मला घेऊन अण्णांसमोर बसला आणि म्हणाला, "अप्पा, वरची खोली द्या. यारू बरंगिल्ला. कोणी येत नाही आता."

अण्णा चिडले नाहीत. थोडा वेळ मीटरपट्टी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "बाकीच्या चार गावांत एक जरी खोली असंल, तर आपली राहील. एकही नसंल, तर घे. आपण जाऊन बघू."

"फोन करून विचारतो की," गिरीश म्हणाला.

"विचारून जायचं ते लॉजवर. इथं न विचारता जायचं, हेच तर आहे सगळं."

गाडी माझी, म्हणून अण्णांसोबत मी गेलो. आधी गदग. दुकानाच्या जागी मोबाईलचं चकचकीत दुकान. नातू भला होता, त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि राहायचं म्हटल्यावर स्टेशनजवळच्या एका लॉजची फार तारीफ केली. अण्णांची नजर दाराच्या आत, डावीकडे. तिथे काचेचं कपाट होतं. येताना गाडीत म्हणाले, "गदग गेलं. अजून तीन आहेत."

पुढच्या आठवड्यात संकेश्वर. खोली होती, जिनाही होता, पण वर मुलांची शिकवणी चालू होती आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग. घरात जुनं माणूस कोणी उरलं नव्हतं. अण्णांनी त्या चपलांकडे पाहून मला सांगितलं, "पाहुण्यांसाठी आमच्याकडं एकच जोड ठेवतात." एवढंच बोलले आणि गाडीत येऊन बसले.

निपाणीला मात्र चमत्कार झाला. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि मालक हात पसरून पुढे आले. "या, या पाचशे अण्णा! खोली तयार आहे!" अण्णांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. वर गेलो. खाट, गादी, पाण्याचा जग, पांढरी चादर. अण्णा खाटेवर बसले, चादरीवरून हात फिरवला, आणि हात थांबला. ठाणातून नुकत्याच निघालेल्या कापडाची घडी त्या चादरीवर उभी होती. उशीवरचं प्लास्टिकही काढायचं राहिलं होतं. कापडात जन्म गेलेला माणूस तो. जेवताना त्या घरची सून अगदी मनापासून म्हणाली, "बरं झालं गिरीशभाऊंनी सकाळी फोन केला, नाहीतर खोलीत सगळी पोतीच होती." मालकांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण बोलून झालं होतं.

अण्णा पूर्ण जेवले. वाढलेलं सगळं संपवलं, सुनेचं कौतुक केलं, त्या खोलीत झोपलेही. सकाळी निघताना मालकांच्या पाया पडले. वयाने ते अण्णांपेक्षा लहान होते, त्यामुळे ते पार ओशाळून गेले.

गाडीत मी म्हटलं, "अजून इलकल राहिलंय, अण्णा." इलकल त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. इरकली लुगड्यांचं गाव, ऐहोळेच्या अंगणातलं. तिथे काही झालं तरी खोली असणार, असं त्यांना आतून वाटत असावं. लहान मूल ताटातला गोड घास शेवटी ठेवतं, तसं.

"नको," अण्णा म्हणाले. "तिथंबी पोरानं फोन केला असंल."

गिरीशने इलकलला फोन केलेला नव्हता. त्याच्याकडे तिथला नंबरच नव्हता. हे मी पुढे विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवशी मला सुचलं नाही. घरी आल्यावर अण्णांनी खिळ्यावरची किल्ली काढून गिरीशच्या हातात ठेवली. गिरीश रडला. "अप्पा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं." अण्णा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. खोली खोक्यांनी भरली आणि खिळ्यावर कॅलेंडर आलं.

जेवायच्या आधी पायरीवर यायची सवय मात्र सुटली नाही. पाय आपोआप येत असावेत. कपाळावर हात, एकदा इकडे, एकदा तिकडे. आता ते बघणं माझ्याने बघवत नसे. त्या वेळेला मी मुद्दाम आत जाऊन भांडी पुसत बसायचो.

आणि वैशाखातल्या एका दुपारी, मी गिऱ्हाईकामुळे बाहेरच असताना, कोपऱ्यावरून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, काळी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पायरीवर उभ्या अण्णांना त्यांनी नमस्कार केला, चपला काढल्या, आत शिरले आणि न बोलता डावीकडे हात वर केला. हात कॅलेंडरला लागला. त्यांनी ते बाजूला सारून पाहिलं. नुसता खिळा होता.

मी धावत आलो. गिरीश काउंटरमागे उभाच राहिला. "बर्री, बर्री, या," अण्णा कसेबसे म्हणाले, "आधी जेवण." नियम होता ना. घर मागच्याच बोळात. गिरीशला आणि मलाही ओढून नेलं. इलकलचे चन्नप्पा ते. भाकरी, झुणका, ताक, सगळं सावकाश जेवले आणि हात धुऊन आल्यावर मग बोलले. कानडीत बोलत होते, पण त्यांचा प्रत्येक शब्द माझ्या कानात मराठीतच राहिला आहे. मुलं खोली मागताहेत, म्हणाले. त्यांना सांगितलं, हुबळीला अजून खोली असेल तर आपलीही राहील. नसेल तर घ्या. म्हणून न कळवता आलो.

गिरीश पटकन म्हणाला, "आहे की खोली! रंगवायला काढलीय जरा. म्हणून किल्ली नाही तिथं."

त्या एका खोटेपणाने इलकलची खोली वाचली असती. मला वाटलं, अण्णा, गप्प राहा, एवढं चालवून घ्या. पण निपाणीची ती चादर त्यांच्या हाताला लागलेली होती. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते ती लागू देणार नव्हते.

"नाही," अण्णा म्हणाले. "खोलीच काढून टाकली. गेल्या दिवाळीआधी. तुमच्याकडं यायचं राहिलं, आणि काढली."

चन्नप्पांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "हौदा. असं होय. मला वाटायचं, एकटा मीच वेडा राहिलोय." मग पिशवी उचलली. अण्णा म्हणाले, घरात झोपा, माझ्या खाटेवर झोपा. चन्नप्पांनी हात जोडले. चारची बस होती. पायरीवर चपला घालताना ते म्हणाले, "पोरांना सांगतो आता, घ्या म्हणून." अण्णा त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले नाहीत. कोपऱ्यावरून ती काळी टोपी दिसेनाशी झाली, तरी ते पायरीवर उभेच होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली तेव्हा अण्णा गादीवरून उठले आणि मागच्या दाराने सरळ घरी गेले. त्यानंतर ते पायरीवर कधी आले नाहीत. पाचशे स्वामींची गोष्ट कुणी काढली तर म्हणायचे, "जुनं झालं ते." गिरीशने घाबरून खोकी दुसरीकडे हलवली, खोली धुवून घेतली, किल्लीही परत खिळ्याला लावली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पावसाळा सरता सरता अण्णा गेले. गल्लीतल्या सगळ्यांनी शटर खाली ओढलं. गदगला, संकेश्वरला, निपाणीला गिरीशने फोन केले. इलकलला कळवायचं राहिलं. चन्नप्पांचा नंबर कुणी घेतलाच नव्हता, घ्यायची रीतच नव्हती. कुणीतरी जाऊन सांगायला हवं, आणि ते मीच, हे मला कळतं. कितीदा पिशवीही भरली. पण गाडीची किल्ली हातात घेतली की पाय मागे येतात. इलकलला जाईन खरा, पण उतरू कुठे?