टेलरमामांचे जाड वाडगे

आमच्या गल्लीतल्या टेलरमामांनी एका कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला जोडली, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं. मामांनी पाठीवरून हात फिरवला आणि कोट काढून घेतला. बाही स्वतःच उसवली, नीट बसवून दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद केलं. दोष डोळ्यांच्या पडद्याचा होता. डॉक्टर म्हणाले, माणसं दिसतील, रस्ता दिसेल, सुईचं नेढं दिसणार नाही.

मामी भल्या बाई. पण पंधरा दिवसांत त्याही कंटाळल्या. मला म्हणाल्या, "बाई, घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं हो. आणि पाहुणा जायचं नाव काढत नाही." मामा शेजारीच बसले होते. ते हसले, मग चपला घालून बाहेर गेले.

बाहेर म्हणजे मागच्या गल्लीत, कातारणीच्या दारात. कातारीण म्हणजे लाकडाचा ठोकळा यंत्रावर गरगर फिरवून, त्याला पटाशी लावून वाडगे, खुर्च्यांचे पाय, दारांच्या मुठी करणारी. ती शाळेत माझी विद्यार्थिनी होती. अपूर्णांकांत कायम नापास. पण नुसत्या डोळ्याने माप घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. वडिलांच्या मागे कारखाना तिनेच सांभाळला. तिथे दोन यंत्रं आहेत आणि वडिलांचं यंत्र तेव्हा रिकामं होतं.

मामा तीन दिवस दारात उभे राहिले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, उजेड अडतोय. आत या, नाहीतर घरी जा."

"घरी नको," मामा म्हणाले. "मला हे शिकव."

तिने त्यांना आधी खालून वर न्याहाळलं. मग अट घातली. महिनाभर शिकायचं. महिन्याअखेर दुकानात मांडता येईल असा एक वाडगा करून दाखवायचा. जमला तर वडिलांचं यंत्र मामांचं. नाही जमला तर खुर्च्यांच्या पायांचं मोठं काम येणार होतं, त्यासाठी ती दुसरा माणूस ठेवणार होती.

पहिल्याच दिवशी पटाशी लाकडात रुतली, ठोकळा सुटला आणि पत्र्याच्या भिंतीवर आदळला.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग भिंतीची माफी मागा आणि ठोकळा उचला."

मामांनी खरंच भिंतीकडे बघून हात जोडले. हळूहळू पटाशी यंत्रावरच्या टेक्यावर दाबून धरायची, दांडा कमरेशी ठेवायचा, हाताऐवजी अंगाने वळायचं, हे त्यांना जमू लागलं. सालपटं लांब, न तुटता निघू लागली. आठव्या दिवशी पहिला वाडगा झाला. कातारणीने तो उचलला आणि दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"मामा, हा वाडगा आहे की उखळ? यात मावणार काय? एक लिंबू?"

"कापलेलं परत जोडता येत नाही गं," मामा म्हणाले. "शिवणीत दोन बोटं माया ठेवली की कपडा पुढे सैल करता येतो. मुलं वाढतात."

"लाकडाचं मूल वाढत नाही, मामा. आणखी कापा."

पण ते मामांकडून होईना. यंत्र थांबवून ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वाडग्याची कड धरत. चिमटीतून त्यांना जाडी अचूक कळे. तिथे डोळ्यांची गरजच नव्हती. आता अजून थोडं काढावं हेही कळे. आणि नेमका तिथेच हात थांबे. पन्नास वर्षं ज्या हाताने कोणाचं कापड वाया घालवलं नव्हतं, तो हात ऐकायला तयार नव्हता. दुसरा वाडगा जाड, तिसरा जाड, चौथाही जाड.

चौथ्या आठवड्यात त्यांनी मन घट्ट केलं आणि कापत गेले. कड छान पातळ झाली. मग ते तळाकडे वळले, आणि पटाशी आरपार गेली. तळ सुटला, नुसतं कडं उरलं. कातारणीने ते कडं मनगटात घातलं, हात वर करून बघितलं. "बांगडी झकास झालीये."

एरवी मामा हसले असते. त्यांनी तिने दिलेला अॅप्रन न काढताच यंत्र पुसलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला बागेतल्या बाकावर दिसले. अॅप्रन घडी करून मांडीवर.

"आज गेला नाहीत?"

"जाऊन काय करू? महिना संपायला तीन दिवस राहिलेत." थोडा वेळ ते अॅप्रनची घडी सारखी करत राहिले. "बाई, मला घरी बसता येत नाही हो. तेवढं एक काम मी कधी शिकलोच नाही."

त्या रात्री जोराचा वारा सुटला आणि त्याच बागेतलं तुतीचं मोठं झाड आडवं झालं.

दोन दिवसांनी मामा अॅप्रन परत करायला गेले, तेव्हा कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बागेतल्या त्या तुतीचे ओले, पिवळेधमक ठोकळे दारापर्यंत रचले होते. ओलं लाकूड तसंच पडलं की तडकतं. कातारीण एकटीच घामाघूम होऊन कापत होती.

"अॅप्रन द्यायला आलात की घालायला?" तिने मान न वळवता विचारलं. "घाला."

ओल्या लाकडावर पटाशी लोण्यातून गेल्यासारखी गेली. तोंडावर लावलेल्या पारदर्शक मुखवट्यावर पाण्याचे थेंब उडत होते. मामांनी कोणाला काही दाखवायचं मनातून काढूनच टाकलं होतं, त्यामुळे हाताला सुचेल तसं ते कापत होते. संध्याकाळी पाच वाडगे झाले. पाचही जाड. कातारणीने एकेक उचलून जाडी मोजली. कडेला अंगठ्याएवढी, मध्ये अंगठ्याएवढी, तळाला अंगठ्याएवढी.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जाड झालेत, माहीत आहे मला."

"जाडच हवेत. ओलं लाकूड वाळताना आटतं, वाकडं होतं. आता पातळ केलं की फुटतं. असं सगळीकडे सारखं जाड ठेवलं, सहा महिने वाळू दिलं, की पुन्हा चढवून गोल करायचं. माझ्याकडे आलेला एकेक शहाणा पहिल्याच दिवशी पातळ करून दाखवायला जातो." ती दमली होती, स्टुलावर बसली. "मी तुम्हाला सगळं कोरडं लाकूड देत राहिले."

मामांनी वाडगा चिमटीत धरला. "म्हणजे ही कच्ची शिलाई. ट्रायल पुढे."

"तसंच म्हणा."

"पण दुकानात मांडण्यासारखा एकही नाही. आणि उद्या महिना संपतो." मामा हिशेबाला पक्के, स्वतःच्या नुकसानीचं असलं तरी सांगायचेच.

तिने ठोकळ्यांच्या ढिगाकडे बघितलं. "खुर्च्यांच्या पायांच्या कामाला माणूस येणार आहे. तो दुपारी दोनला घरी जाईल. दोननंतर यंत्र तुमचं. हा ढीग आधी संपवा. आणि कोरड्या लाकडाचा तळ फोडायचं बंद करा."

"ते शिकव मग."

"शिकवते ना. पळून कोण गेलं होतं?"

मामांनी पाचही वाडगे सालपटं भरलेल्या कागदी पिशव्यांत ठेवले. प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरांत त्या दिवशीची तारीख घातली आणि खाली सहा महिन्यांनंतरची, ट्रायलची.

त्याला आता चार महिने झाले. एक वाडगा तडकला. उरलेले चार वाळताहेत, दर आठवड्याला वजनाने हलके होताहेत. कोरड्या लाकडाचा एक पातळ वाडगा दुकानात मांडला गेला. तळाशी किंचित लंगडा आहे, म्हणून कातारणीने तो मागच्या फळीवर ठेवलाय. मामी दुपारी दीडलाच मामांचं जेवण उरकून घेतात, उशीर झाला तर ओरडतात.