खाऱ्या रांगेतली मेथी

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर एसीच्या पाण्याची बादली गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. कडीला एका बाजूने तिचा हात, एका बाजूने माझा. बादली जड नव्हती, पण पाणी सांडू नये म्हणून आम्ही पावलाला पाऊल लावून चाललो. असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाली होती. धुळीमुळे सूर्य नुसता पिवळा डाग दिसत होता. खाली, इथे सौदीत, धाहरानकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसेस आवाज न करता सरकत होत्या. तसलीच बस मी तीस वर्षं चालवली, पण त्या दिवशी ती दुसऱ्याच कुणाच्या जन्मातली वाटली.

आमच्या धाकटीला फ्रान्सला जायचं होतं. तिथे एक मोठी संस्था आहे. माती, पाणी, पिकं, गुरं, माणसाचं खाणं, सगळं शिकवतात. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "माती शिकायला फ्रान्स कशाला? रायगडात आपले चार गुंठे पडलेत."

पोर इथेच वाढली, उत्तर हिंदीत देते. "अब्बा, मिट्टी वहाँ की नहीं, पानी यहाँ का देखना है."

तिने गच्चीवर टबांत मेथी लावली होती. एका रांगेला नळाचं पाणी, ते इथे खारट. दुसऱ्या रांगेला एसीतून ठिबकणारं, त्यात मीठ नसतं. रोपं मोजून लिहून ठेवायची. ते काम त्या संस्थेला आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिथले मास्तर तिच्याशी कॉम्प्युटरवर बोलणार होते. जागा मिळणार की नाही ते त्यावर होतं. खारी रांग आधी सुकली, मग अचानक तरारली. मेथीला खाऱ्याची सवय होते, असं पोरीने ठरवलं होतं. तेच ती सांगणार होती.

बादली खाली ठेवली तशी बायकोने जिन्याकडे बघितलं आणि त्यातलंच तांब्याभर गोडं पाणी खाऱ्या रांगेला घातलं.

"हे काय?"

"रोज घालते. पोर अभ्यासाला बसली की."

"अगं, तिचं सगळं काम खोटं पडेल."

"जित्या झाडाला मुद्दाम खारं पाजायचं, हे कसलं शिक्षण? मला नाही बघवत."

"मग तिला सांग तसं."

"तुम्हीच सांगा. तोंड तुमचं मोठं."

"तू बस चालवली असतीस तर रोज सिग्नल तोडले असतेस."

"आता बायकांना लायसन देतात इथे," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता पालथ्या टबावर बसली. छाती जड वाटते म्हणाली.

सूर्य बुडतानाची मगरिबची अजान मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ऐकली. बायको त्याच्या थोडं आधी गेली होती.

त्यानंतरचं सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. माणसं बोलत होती, त्यांचे ओठ दिसत होते. मधेच वाटायचं, ती पुढे निघालीय आणि माझ्या बाजूची कडी धरायची राहिलीय.

सकाळी कळलं, दफनाचा कागद दुपारशिवाय मिळणार नाही. पोरीने कॉम्प्युटर उघडला. "अब्बा, मुझसे नहीं होगा. लिख देती हूँ, मैं नहीं आ रही."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोर जवळ राहील, दोन घास करून घालेल, बायकोची चूक बायकोबरोबर जाईल. गप्प बसलो की झालं. पण गप्प बसलो तरी पोर जन्मभर खोट्यालाच खरं समजणार. आणि सांगावं, तर आईला अजून माती मिळालेली नाही. उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो.

"तुझी अम्मी खाऱ्या रांगेला गोडं पाणी घालत होती," मी म्हटलं. "मेथीला कसलीही सवय झालेली नाही."

तिने विचारलं, "कब से?"

"माहीत नाही. रोज घालते म्हणाली. तिला बघवत नव्हतं."

पोरीने टेबलावर डोकं ठेवलं. खांदे हलत होते. हसते की रडते, मला कळेना. दोन्ही असेल.

"लिही," मी म्हटलं. "आई काल गेली, आज बोलता येणार नाही, दुसरा दिवस द्या. काम चुकलंय, परत करीन. का चुकलं तेही लिही."

"ये भी लिखूँ?"

"ते आधी लिही."

तिने लिहिलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडून हिंदीत वाचून घेतलं. अम्मीचं आलं तिथे ती थांबली. डोळे पुसून पुढचं वाचलं. मग पाठवायचं बटण कुठलं ते विचारलं, आणि ते मी दाबलं.