आई साडेचारला येईल

सकाळी साडेदहाला ती पितळी ताटावर उलथनं मारायची, चुलीपुढची साडी सोडून निळ्या काठाची नेसायची आणि शाळा भरायची. वर्ग म्हणजे मानवतच्या आमच्या गल्लीतली, माझ्या शेजारची एक खोली. विद्यार्थिनी एकच, तिची स्वतःची मुलगी. पोरीनं चुकून "आई" अशी हाक मारली, की ती फळ्याकडे तोंड ठेवूनच सांगायची, "आई साडेचारला येईल. आता बाई म्हण."

पोरीच्या काळजाला जन्मापासून छिद्र होतं. चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे, म्हणून शाळा सुटली. उन्हाळ्यात ऑपरेशन आणि जूनमध्ये माझ्या शाळेत आठवीला, असं मायलेकींचं ठरलं होतं. तोवर पोर मागे पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ती स्वतः सातवी शिकलेली. संध्याकाळी पिठाच्या हातांनीच माझ्याकडे यायची. "सर, उद्याचं गणित आजच सांगा. पोरीपुढं अडकले तर लय लाज वाटती." अपूर्णांकांनी तिला महिनाभर रडवलं. शेवटी भाकरीचे तुकडे करून तिनं ते शिकवले, आणि तो धडा दोघींनी ठेच्याबरोबर खाऊन टाकला.

हजेरी रोज व्हायची. नाव एकच, तरी पोर मुद्दाम तिसऱ्या हाकेला "हजर" म्हणायची. एकदा आईलाच ताप आला, तर पोरीनं रजेचा अर्ज मागितला. बाईंनी कण्हत कण्हत तो लिहून दिला. पोरीनं त्यात चार चुका काढल्या.

तुम्ही म्हणाल, घरातल्या घरात एवढी शिस्त कशाला? ती माझी अक्कल. सुरुवातीला ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "सर, पुस्तक उघडलं की पोटात दुखतंय म्हणती, मांडीवर डोकं ठिवती. मला रागावणं होईना." मी वीस वर्षांच्या नोकरीच्या तोऱ्यात सांगितलं, "शाळेच्या वेळेत आई व्हायचं नाही. बाई व्हायचं." तिनं माझा शब्द खाली पडू दिला नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पोर म्हणाली, "आई, धाप लागायलीय." बहाण्यांची हिला सवय झाली होती. "उदाहरण पुरं कर. आई साडेचारला येईल." पोरीनं उदाहरण पुरं केलं आणि वहीवरच डोकं टेकलं. परभणीला नेईपर्यंत सारं संपलं होतं. मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा ही निळ्या काठाच्या साडीतच बाकावर बसलेली होती.

दहाव्यानंतर मी तिच्याकडे गेलो. "चूक माझी," एवढंच म्हणता आलं.

"न्हाई सर. तुमी सांगितलं ते बरोबरच व्हतं. मलाच नीट जमलं न्हाई."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे नवऱ्यानं तिलाच दोष देत बोरीला, माहेरी नेऊन सोडलं. जायच्या आदल्या दिवशी ती पोरीची वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "शेवटचं उदाहरण बघा. तपासायचं राहून गेलंय. मला पान उघडवत न्हाई."

उदाहरण बरोबर होतं. उत्तराखाली पोरीनं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'बाई, किती वाजले?'

बोरीहून दोनदा निरोप आला, वही पाठवून द्या म्हणून. मी अजून पाठवलेली नाही.