लाइव्ह कार्यक्रमात बाबा बोलले

आमचे बाबा अठ्ठावीस वर्षं उत्खननावर माती उकरतात. थापी आणि ब्रश घेऊन, बसल्या जागी, बोटबोटभर. मातीला थापी घासली की जो आवाज येतो, त्यावरून खाली काय आहे ते ओळखतात. घरी मात्र आईने चार हाका मारल्या तर यांना एक ऐकू येते!

टोपीवाले साहेब म्हणजे टीव्हीवरचे प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ. त्यांना नावं ठेवायला बसले तर संध्याकाळ होईल. खोदकामावर ते महिन्यातून दोनदा उगवणार, तेही कॅमेरा घेऊन. बाबांनी तीन दिवस खपून एक अख्खा रांजण मोकळा केला, तर साहेबांच्या माणसाने फर्मावलं, "पुन्हा झाका. रविवारी साहेब तो लाइव्ह शोधून काढतील." वर तंबी दिली, कार्यक्रम चालू असताना जो तोंड उघडेल त्याने सोमवारपासून येऊ नये. बाबांनी आपल्याच हातांनी रांजणावर माती लोटली. मला असा संताप आला म्हणून सांगू!

रविवारी सकाळी आम्ही मायलेकी टीव्हीसमोर बसलो. बाबा कॅमेऱ्यामागे, म्हणजे दिसणार नव्हतेच. साहेब गुडघे टेकून म्हणाले, "माझं मन सांगतंय, इथे काहीतरी आहे."

"असणारच. परवाच पुरलंय," आई म्हणाली.

भुसभुशीत माती भराभर निघाली, रांजणाचा काठ दिसला. साहेबांना चेव चढला. ते शेजारच्या न उकरलेल्या मातीतही थापी खुपसू लागले.

"थांबा! हात उचला!"

आई ताडकन उठली. "अगं बाई, हा तर यांचा आवाज!"

कॅमेरा गर्रकन वळला. मळक्या शर्टातले बाबा, चेहरा पांढराफटक. गेली नोकरी!

"आवाज बदलला, साहेब," बाबा चाचरत म्हणाले. "तिथे आणखी एक आहे. पातळ आहे, फुटेल."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या साहेबांनी थापी खाली ठेवली. मग ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "तुम्हीच काढा."

बाबांनी ब्रश घेतला. वीस मिनिटं कॅमेरा त्यांच्यावरच होता. हळूहळू रांजणाला टेकवून ठेवलेला चिमुकला प्याला वर आला. पाणी पिऊन कुणीतरी ठेवला असणार. मला रडूच फुटलं.

साहेब कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हा यांना सापडला. खरं म्हणजे रांजणही यांनाच." मग बाबांकडे वळले. "उद्या कितीला येता? मीही येतो. कॅमेरा नको."

संध्याकाळी आईने बाबांना दारातच गाठलं. "दिसलात हो, चांगली वीस मिनिटं! शर्ट तरी धड घालायचा!"

बाबा चपला काढत म्हणाले, "माझं सोड गं. प्याल्याचा कान शाबूत होता, तो दिसला का नीट?"