एका अपपाठाचे शुद्धिपत्र

पद्मालयाच्या श्रीगजाननाला वंदन करून, आमच्या एरंडोलच्या गणेशमंडळाच्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द लिहीत आहे. मी संस्कृतचा शिक्षक, म्हणून मंडळाने संस्कृतविषयी लेख मागितला होता. मी मात्र गावात कॅसेटचे दुकान चालवणाऱ्या भाऊंविषयी लिहिणार आहे.

मूळ गाणे आणि नवे गाणे जिथे वेगळे होते ती जागा आली की भाऊ उजव्या हाताची तर्जनी हळूच वर करीत आणि म्हणत, "अठे आयका," म्हणजे इथे ऐका.

आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. मूळ गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटींचा तो काळ. भाऊंच्या दुकानी दोन टेपरेकॉर्डर असत. गिऱ्हाइकाने गाणे मागितले की एकावर मूळ, दुसऱ्यावर नवे. दोन्ही ऐकल्यावाचून विक्री नाही. एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "भाऊ, माले गाडी सोडनी शे, येकच वाजाड!"

"मंग नवंच ली जा. मूळले टाईम लागस," भाऊ शांतपणे म्हणाले.

नव्या गायकांची ते निंदा करीत नसत. पाठभेद हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. "चूक नहीं गुरुजी, पाठभेद शे," असे ते मलाच समजावीत. स्वतःही सुरेल गात. पण चारचौघांत गाण्याचा संकोच फार.

एका वर्षी मंडळाच्या गायनस्पर्धेत मित्रांच्या आग्रहाने ते उभे राहिले. परीक्षक मी होतो. त्यांनी एक जुने भावगीत निवडले. कडव्याचा शेवटचा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा अगदी हलका, जणू स्वतःशीच. गाणे अजून पुरे व्हायचे होते. मी ध्वनिक्षेपकापाशी गेलो आणि म्हणालो, "हे गीत माझ्या नित्य श्रवणातील आहे. मुळात ही द्विरुक्ती नाही. पोथी उतरवताना लेखनिकाच्या हातून एखादा शब्द दोनदा पडतो, तसे हे झाले. याला आम्ही अपपाठ म्हणतो."

भाऊ हात जोडून "बरं, गुरुजी" म्हणाले आणि खाली बसले. माझे विद्यार्थी खळखळून हसले. त्या हसण्याने मी सुखावलो, हे आज लपवीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावात त्यांचे नाव पडले, 'आपपाट भाऊ'. शब्दाचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता, लोक मात्र दुकानावरून जाताना हाक मारीत, "काय आपपाटभाऊ, येक शब्द दोनदा देतस का?" भाऊ हसत. त्यानंतर त्यांना गाताना मात्र कोणी ऐकले नाही.

पुढे माझ्या डोळ्यांवर नवा चष्मा आला. धुळ्याच्या बसस्थानकावर घेतलेली माझी ती नित्य श्रवणाची कॅसेट पुसताना वेष्टनावरची बारीक अक्षरे प्रथमच वाचता आली: 'जुनी गाणी, नव्या आवाजात.'

मी तसाच दुकानी गेलो आणि मूळ गाणे लावायला सांगितले. शब्द दोनदाच आला. दुसऱ्यांदा हलका.

"तुम्हांला ठाऊक होते?"

"व्हतं."

"मग त्याच वेळी का बोलला नाहीत?"

"मंडपमा सगळा तुमनाच विद्यार्थी बसेल व्हतात, गुरुजी."

मी म्हणालो, "यंदाच्या उत्सवात त्याच मंडपात उभा राहून माझी चूक सांगेन."

ते नको म्हणतील, असे मला वाटले होते. पण भाऊ म्हणाले, "सांगा."

उत्सवात माझे अथर्वशीर्षावर प्रवचन होते. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, पत्नीला घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मी तासभर बोललो. 'त्वं वाङ्मयः' या पदावर पुष्कळ बोललो. चुकीच्या कबुलीचे ते एक वाक्य जिभेवर आले; समोर तेच विद्यार्थी दिसले, आणि मी फलश्रुती म्हणून आटोपते घेतले.

भाऊ नमस्काराला आले. "चांगलं बोलनात, गुरुजी," एवढेच म्हणाले. त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. चौकातील श्रद्धांजलीच्या फळ्यावर त्यांचे पूर्ण नाव होते. पण तेवढ्याने गावाला ओळख पटेना, म्हणून कोणीतरी खाली खडूने लिहिले: आपपाट भाऊ. मी फळ्यापुढे बराच वेळ उभा होतो. पुसायचे धैर्य झाले नाही. तो शब्द गावाला मीच दिला होता.

म्हणून आज छापील अक्षरांत सांगतो: त्या दिवशी भाऊंचा पाठ शुद्ध होता. अपपाठ माझा होता. ज्यांनी ते नाव घेतले, त्यांनी ते माझ्या नावापुढे लावावे. मी ओ देईन.

वाचकहो, श्रीगजानन आपल्या घरी आरोग्य आणि सुमती नांदवो. आपल्या घरी कोणी संकोचाने गात असेल, तर त्याचे गाणे पुरे होईपर्यंत ऐकण्याची बुद्धी घरातील वडीलधाऱ्यांना होवो.