नात एक पट्टी टाळते

नात गिटार वाजवत होती. मागच्या पडवीत मीच रंधा मारून, फळ्या वाफेवर वाकवून केलेली गिटार. मला आता ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून मी तिची बोटं बघत बसतो. गिटारीच्या मानेवरच्या पितळी पट्ट्यांवरून ती भराभर धावत होती, पण एक पट्टी आली की दर वेळी तिला टाळून पुढं जात होती. मी गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि म्हटलं, "तिथंच वाजव." तारेची खरखर हाडातून थेट डोक्यात शिरली; पट्टी कानशीनं घासून सारखी करायची माझ्याकडून राहिली होती.

आणि घरात सगळे म्हणत होते, "आबा, काय गोड वाजतीय!" सुनेनं तर शेजारणींना बोलावून दाखवली. लाकडाला कुणाची भीड नसते, चुकलं की ते सांगतं. माणसं मात्र गोड बोलून म्हाताऱ्याला कामातून उठवतात.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आबा," नात माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली.

"मग वाटू द्यायचं होतं की! कानस धरता येते मला अजून."

तिनं गिटार छातीशी ओढली. "राहू द्या ना, मला चालते अशीच."

"मला चालत नाही," म्हणालो, आणि तिच्यादेखत तारा उतरवायला घेतल्या.