डांबराची भिंत आणि नवसाची कोंबडी

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीमागे, नळ आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, एक निमुळती मोकळी जागा होती. आई तिला परसू म्हणायची. गावच्या घरामागे जे होतं त्याचं नाव तिने इथे आणून लावलं होतं. तिथे चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचं खुराडं होतं आणि त्यात तीन कोंबड्या. सकाळी त्यांना कण्या मिळत, दुपारी भाजीचे देठ, संध्याकाळी ताटात उरलेलं. अंडी घरात खाल्ली जात, कधी शेजारी दिली जात.

त्यातली एक कोंबडी नवसाची होती. मला मुदतीचा ताप आला होता आणि तो उतरेना, तेव्हा आईने गावच्या देवीला कोंबडी कबूल केली. ताप उतरला. आईने पिल्लू आणून वाढवायला घेतलं. शिमग्याला ते गावी न्यायचं, असं ठरलं होतं.

मध्ये हिवाळा आला आणि आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबा गिरणीत होते. त्यांनी देव्हाऱ्यातले टाक पंच्यात बांधले आणि समुद्रात सोडून आले. आईने दीक्षा घेतली ती बाबांच्या मागून जायचं म्हणून नव्हे. गावच्या देवळाच्या पायरीवर आमच्यापैकी कोणीही कधी पाय ठेवला नव्हता. नवसाची कोंबडी बाहेर उभं राहून द्यायची, पुढे ती दुसऱ्याच्या हातून जायची. "कोंबडी चालायची, आम्ही नाही," एवढंच आई सांगे. देवीला तिने पाहिलं होतं ते पालखीत, लांबून, माणसांच्या डोक्यांवरून.

टाक समुद्रात सोडता आले. कबूल केलेल्या कोंबडीचं काय करायचं, ते कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "राहू दे. अंडी देईल."

वर्षभर तिने अंडी दिली. मग कवच पातळ होऊ लागलं. पेंढ्यातून अंडं उचलताना बोट आत जायचं. काही अंड्यांना कवच नसायचंच, नुसती पांढरी कातडी, हातात धरली की पाण्याच्या पिशवीसारखी लोंबणारी. तिन्ही कोंबड्यांचं असं झालं, पण नवसाच्या कोंबडीचं सर्वांत जास्त. ती तरुण होती आणि अंडीही तीच जास्त द्यायची.

समोरच्या चाळीतली काकी आमच्या शेजारच्या गावची. देवी दोन्ही गावांची एकच, फक्त काकीच्या माणसांना देवळात जाता येत होतं. ती नळावर आईला म्हणाली, "देवीक कबूल केलेला जनावर, आनि तू तेची अंडी खातंस. मगे दुसरा काय होतला?"

"अंडी तिघींची पातळ झालीत," आई म्हणाली. "तिघींचो नवस केलंय काय मी?"

"संगतीन बिघडली असतली."

दोघीही हसल्या. मग काकी म्हणाली, "मी शिमग्याक जातंय. टोपलीत घालून बोटीर नेतंय. माझ्या नावान देतंय. तुझा नाव कोण विचारता?"

"माझा नाव नको, तर माझी कोंबडी कित्याक?" आई म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून ती माझ्या कपाळाला वारंवार हात लावू लागली. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, अंगापिंडाने चांगली होते. मला शिंक आली तरी ती भाकरी थापायची थांबायची. नवस माझ्या जिवासाठी केलेला होता. तो फेडला नाही तर काय होतं, हे तिला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. दीक्षेनंतर ते मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. बाबा विचारत, "काय झालंय तुला?" ती म्हणे, "काही नाही. कोंबड्या बिघडल्यात."

परसातली भिंत पूर्वी चुन्याची होती. संयुक्त महाराष्ट्राची पोरं तिच्यावर गेरूने घोषणा लिहीत. पोलिसांचा त्रास नको म्हणून चाळमालकाने थंडीत, अंडी पातळ व्हायच्या थोडं आधी, ती पूर्ण भिंत डांबराने काळी करून घेतली, म्हणजे गेरू दिसणार नाही. पोरांनी चुना आणला. काळ्यावर पांढरं जास्त ठळक दिसतं, हे मालकाच्या नंतर लक्षात आलं.

शिमग्याच्या थोडं आधी ती पोरं आमच्या दारात आली.

"मावशी, तुमची कोंबडी सरकारची माणूस दिसते."

"का रे, काय केलं तिने?"

"आम्ही लिहितो, ती खोडते. 'झालाच' राहिलंय, 'पाहिजे' खाल्लंन."

"मग तिची चोच पोचणार नाही असं वर लिहा."

"वर आमचा हात पोचत नाही, मावशी."

आई त्यांच्यामागून परसात गेली, मीही गेले. खालच्या ओळीतली अक्षरं टोचून टोचून गेली होती आणि तिन्ही कोंबड्या भिंतीला लागून उभ्या होत्या. आईने खुराडं बाजूला ओढलं. त्याच्या मागे डांबर पोचलेलं नव्हतं. तिथला जुना चुना कोंबडीच्या उंचीपर्यंत टोचून काढलेला होता, आतली वीट दिसत होती. इतकी वर्षं त्या भिंत खात होत्या आणि आम्हांला वाटत होतं, कण्यांवर जगतायत.

आईने खाली बसून त्या विटेवरून बोट फिरवलं. मग उठून काकीकडे गेली आणि खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मागितल्या.

"शिंपल्ये कित्याक? चुनो करतंस?"

"कोंबडेक घालतंय. कवच धरला तर ती ऱ्हवतली. नाय तर तू घेवन जा."

काकीने केरातल्या शिंपल्या गोळा करून दिल्या. आईने त्या धुतल्या, चुलीच्या निखाऱ्यावर भाजल्या आणि फुटक्या खलात कुटल्या. पीठ होऊ दिलं नाही, तांदळाच्या कणीएवढे तुकडे ठेवले. पीठ वाऱ्यावर जातं आणि कोंबडी ते टिपत नाही. दाण्यात न मिसळता वेगळ्या करवंटीत ठेवले. पहिल्या दिवशी तिघी त्या करवंटीवर तुटून पडल्या. पुढे गरजेपुरतं खाऊन बाजूला होऊ लागल्या.

काकीच्या बोटीचा दिवस जवळ येत होता आणि आई रोज पेंढ्यात हात घालत होती. आधी अंडं खरबरीत आलं, मग डागाडागांचं, पण बोट आत जात नव्हतं. काकी निघायच्या आदल्या सकाळी नवसाच्या कोंबडीचं अंडं आईने वाटीच्या काठावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा जोरात आपटावं लागलं.

बाबा चहा पीत होते. "बघ," ते म्हणाले, "चुना कमी पडला होता. देवीचा काय संबंध?"

आई वाटीतल्या अंड्याकडे बघत राहिली. "म्हंजे ती रागावाकच नाय," ती म्हणाली.

देवी रागावलीच नव्हती. हे ऐकून मला बरं वाटलं, बाबांनाही. आईच्या आवाजात मात्र सुटका नव्हती. आमच्या घरातून यायचं ते आलं नाही, आणि तिकडे कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, असा तिने त्याचा अर्थ लावला होता. राग आला असता तर निदान ओळख होती. माझ्या कपाळावरचा तिचा हात त्या दिवसापासून थांबला. मला त्याची सवय झाली होती. आज इतक्या वर्षांनीही अंगात कसर आली की मी तो हात शोधते.

काकी भाऊच्या धक्क्यावरून कोंबडीशिवाय गेली. आईने तिला वाटेत खायला अंडी उकडून दिली.

त्यानंतर आई कधी गावी गेली नाही, आणि घरात तिने कधी देवीचं नाव काढलं नाही. काकी मात्र दरवर्षी शिमगा करून परत आली की आई तिच्याकडे जायची. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, यंदा देवीला कुठल्या रंगाचं लुगडं नेसवलं होतं. काकी रंग सांगायची. मग आई विचारायची, "आनि काठ?"